संशोधनाला संस्थेचा ‘सपोर्ट’ मोजायचा कसा? (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

अर्धा_कप_चहा | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटल-कम-रिसर्च संस्थेत रिसर्च सेलमध्ये आहे (नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे). शिक्षण सायकॉलॉजीचं, थोडंफार स्टॅट्स येतं, त्यामुळे सर्व्हे म्हटलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. तर आमच्या डायरेक्टर सरांनी फर्मान काढलंय की ट्रान्सलेशनल रिसर्चसाठी आपल्याकडे वातावरण कसं आहे, लोकांना संस्थेचा सपोर्ट वाटतो का, याचा एक आकडा काढा. एकच. वार्षिक अहवालात टाकायला.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: लॅबमध्ये सापडलेली गोष्ट पेशंटच्या खाटेपर्यंत नेणं, आणि खाटेपाशी जे दिसलं ते परत लॅबमध्ये आणणं, या येण्याजाण्याला ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणतात. पुणेकरांना खरं तर समजावून सांगायची गरज नाही. २०२० मध्ये एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) विषाणू वेगळा केला आणि त्यावरून पुढे हैदराबादला कोव्हॅक्सिन झाली, हे आपण रोज बातम्यांत बघत होतो.

मग मी काय केलं, तर रीतसर वाचन. आयझेनबर्गर आणि मंडळींची १९८६ ची संस्थेच्या पाठिंब्याची स्केल आहे, मूळ ३६ वाक्यांची. तिच्यातली आणि इकडची तिकडची अशी वाक्यं घेतली, मराठी केली, ‘अजिबात सहमत नाही’ ते ‘पूर्ण सहमत’ असे पाच पर्याय दिले आणि वाटले फॉर्म. आले भरून. बघते तर जिकडेतिकडे ४. अहो, ज्या डिपार्टमेंटमधून दर आठवड्याला माझ्याकडे कोणीतरी रडत येतं तिथूनसुद्धा ४.

मला काही ते पचेना. म्हणून आमच्या लॅबमधल्या एका जुन्या टेक्निशियन मामांना समोर बसवलं आणि म्हटलं, प्रश्न मोठ्याने वाचा आणि मनात काय येतं ते बोलत जा. पहिलं वाक्य होतं, “माझ्या कामाला संस्थेचा भक्कम पाठिंबा आहे.” मामांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “मॅडम, पाठिंबा म्हणजे बाहेरून, की सरकारात सामील होऊन?”

मी हसले, पण ते गंभीर होते. पुढचं वाक्य “संस्था माझ्या पाठीशी उभी राहते.” मामा म्हणाले, “म्हणजे चौकशी लागली तर ना? देवाच्या दयेने तशी वेळ आली नाही अजून. ४ टाका.”

आता बोला. माझे सगळे ४ हे असे आलेत. कोणी असं काम केलंय का? काय मोजावं, कोणाला विचारावं?

---

वर्गमूळ | सोमवार, रात्री ११:४८

मामांना साष्टांग नमस्कार _/\_

ताई, जे तुम्ही शेवटी केलंत ते आधी करायचं असतं, पण ९९ जण करतच नाहीत, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. (९९ हा आकडा हवेतला आहे, लगेच संदर्भ मागू नका.)

मी कॉलेजात हेच शिकवतो म्हणून एक इशारा देऊन ठेवतो. आता कोणीतरी येऊन सांगेल की क्रॉनबॅक अल्फा काढा, ०.७ च्या वर आला की स्केल चांगली. १९५१ मध्ये क्रॉनबॅकने हा अल्फा मांडला आणि लोक त्यावर अजून गंडतायत. अल्फा फक्त एवढंच सांगतो की तुमचे प्रश्न एकमेकांच्या सुरात सूर मिळवतात की नाही, आणि तो प्रश्नांच्या संख्येने फुगतो. समजा प्रश्नांमधलं सरासरी कोरिलेशन (एकमेकांशी जुळणं) नुसतं ०.२ आहे, म्हणजे अगदीच पाणचट. असे १० प्रश्न घेतले तर अल्फा येतो ०.७१ च्या आसपास, आणि तसलेच ३० घेतले तर ०.८८. स्केल तीच पातळ आमटी, फक्त पातेलं मोठं. तुमच्याकडे तर सगळ्यांनी सगळे प्रश्न चौकशी लागण्याबद्दलचेच समजून उत्तरं दिली असतील तरी अल्फा झकास येऊ शकतो. सगळे मिळून एकाच दिशेला चुकले की सूर छानच लागतो ना.

दुसरं म्हणजे वाक्याचा कर्ता कोण? “मला वेळ मिळतो” आणि “आमच्या डिपार्टमेंटमध्ये लोकांना वेळ मिळतो” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वातावरण मोजायचं असेल तर दुसरा हवा, आणि मग डिपार्टमेंटची सरासरी काढण्याआधी तिथल्या लोकांचं आपसात जुळतंय का ते बघायला हवं. अर्ध्यांनी १ दिला, अर्ध्यांनी ५ दिला, सरासरी ३. सगळ्यांनी ३ दिला तरी सरासरी ३. पहिल्या ठिकाणी दोन गट पडलेत आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता कंटाळा आहे, पण अहवालात दोन्हीकडे ३ च छापून येणार.

---

नाइट_ड्युटी | मंगळवार, पहाटे ३:२५

पातळ आमटी =)) इथे कॅन्टीनमध्ये सेम.

मी एका मेडिकल कॉलेजमध्ये असिस्टंट प्रोफेसर आहे, माझं दुखणं थोडक्यात सांगतो. सपोर्ट म्हणजे वेळ. बाकी सगळं नंतर. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड, मग लेक्चर, मग इन्स्पेक्शनची फाइल, आणि संशोधन रात्री ९ नंतर बायकोच्या शिव्या खात. बाहेर याला ‘प्रोटेक्टेड टाइम’ म्हणतात, म्हणजे आठवड्यातले अमुक तास या माणसाला कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे कागदावर गुरुवार दुपार आहे. गुरुवारी दुपारीच व्हीआयपी येतात.

आणि प्रमोशनसाठी लागतात पेपर. पेपर कसले तर कसलेही, नियमात बसले म्हणजे झालं. लॅबवाल्यांबरोबर तीन वर्षं घालून एखादी टेस्ट वॉर्डात वापरण्याजोगी केली तर त्याचा रकानाच नाही फॉर्मात. त्यामुळे शहाणा माणूस जुन्या केस पेपरांवरून एक बरा लेख पाडतो आणि मोकळा होतो. दोष कोणाला देणार?

ताई, “तुम्हाला वेळ मिळतो का” असं विचारू नका, सगळे हो म्हणतील नाहीतर सगळे नाही म्हणतील. “मागच्या चार गुरुवारांपैकी किती गुरुवारी तुम्ही संशोधनाला बसलात” असं विचारा. मी ० लिहीन.

---

फाइल_पुढे_सरकवा | मंगळवार, सकाळी १०:०२

चर्चा छान आहे पण मला एक कळत नाही, हे अमेरिकेचं खूळ आपण का डोक्यावर घेतोय? तिकडे २००६ साली १२ विद्यापीठांना पैसे देऊन सीटीएसए (ट्रान्सलेशनल रिसर्चसाठीची सरकारी अनुदान योजना) सुरू केलं, मग २०११ च्या डिसेंबरात त्याच्यासाठी एनसीएटीएस नावाचं वेगळं सेंटरच काढलं, एवढे पैसे घातले की मग कोणीतरी विचारतंच की फायदा काय झाला, म्हणून त्यांना मोजावं लागतं. आपल्याकडे पैसेच नाहीत तर मोजायचं काय? उगाच फॉर्म भरून घ्यायचे आणि कपाटात ठेवायचे. मी अ‍ॅडमिनमध्ये आहे, अशी तीन कपाटं दाखवतो.

आणि सगळं खापर शेवटी अ‍ॅडमिनवर फुटणार हे आत्ताच सांगून ठेवतो.

---

उणे_ऐंशी | मंगळवार, सकाळी ११:३०

फाइलराव, खूळ अमेरिकेचं असेल पण दुखणं जागतिक आहे. बालास आणि बोरेन यांचा २००० सालचा एक हिशोब सगळीकडे फिरतो: मूळ संशोधनातलं जेमतेम १४ टक्के पेशंटपर्यंत पोचतं आणि त्यालाही सरासरी १७ वर्षं लागतात. त्या आकड्यावर वाद घालता येतो, पण १७ च्या जागी १२ घातले तरी लाजच वाटते.

मी पीएचडी करून आता छोट्या स्टार्टअपमध्ये आहे, पाषाणला व्हेंचर सेंटरमध्ये पडीक असतो. गोष्टी पुढे जातात तेव्हा कशा जातात बघा. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिस-ए ची लस. जंतूवरच्या साखरेच्या साखळ्या प्रथिनाला जोडायचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या (औषध नियामकाच्या) लॅबमधलं, उत्पादन आपल्या हडपसरच्या सीरमचं, मध्ये पाथ ही आरोग्यसंस्था आणि डब्ल्यूएचओ यांचा २००१ पासूनचा प्रोजेक्ट, किंमत डोसला ५० सेंटच्या आत ठेवायची अट आधीच ठरलेली, आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत मोहीम सुरू. शास्त्रज्ञ सगळीकडे हुशार असतात हो. इथे दोन टोकांच्या मधली माणसं कोणाच्या तरी पगारावर होती, ते त्यांचं पूर्णवेळ काम होतं. आपल्याकडे मधलं काम म्हणजे कोणाचंतरी ‘शिवाय हेही बघा’.

आणि अमेरिकेचंच म्हणाल तर त्यांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. नुसतं ‘तुम्हाला कसं वाटतं’ विचारत बसले नाहीत. सीटीएसएच्या सगळ्या केंद्रांनी सारखीच मापं पाळायची असं ठरवलं आणि त्यातलं एक माप होतं, एथिक्स कमिटीकडे अर्ज आल्यापासून अंतिम मंजुरी मिळेपर्यंत किती दिवस गेले, त्याचा मीडियन (आकडे ओळीने मांडल्यावर बरोबर मध्ये येणारा). मीडियन का, तर एखादी फाइल दोन वर्षं अडकली की सरासरीची वाट लागते. याला फॉर्म नको, टिक नको. इनवर्ड रजिस्टर आणि आउटवर्ड रजिस्टर, बस. फाइलराव, तुमच्याच कपाटात पडलंय ते.

---

फाइल_पुढे_सरकवा | मंगळवार, सकाळी ११:५५

पडलंय खरं. पण त्यात फाइल किती वेळा शास्त्रज्ञानेच दुरुस्तीसाठी नेऊन महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवली तेही मोजा, मग बोलू.

---

उणे_ऐंशी | मंगळवार, दुपारी १२:०१

हे मान्य. दोन घड्याळं ठेवावी लागतील, बुद्धिबळासारखी.

---

शेवटची_पीएमटी | मंगळवार, दुपारी ४:४०

मी रिटायर्ड लॅब टेक्निशियन, ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच या उणे ऐंशीच्या फ्रीजरबरोबर (वरच्या सदस्यांनी नाव भारी घेतलंय). मोबाइलवर टाइप करतोय चुका झाल्या तर माफी.

सपोर्ट म्हणजे काय हे मी सांगतो. आमच्याकडे फ्रीजरला अलार्म होता आणि अलार्म वाजला की वॉचमनने फोन करायचा अशी पद्धत, भिंतीवर कागद चिकटवलेला, त्यावर माझा नंबर आणि साहेबांचा नंबर. एकदा रविवारी रात्री लाइट गेली, जनरेटर चालू झाला पण त्या खोलीची लाइन जनरेटरवर घेतलेलीच नव्हती, कारण दोन वर्षांपूर्वी खोल्या बदलल्या तेव्हा फ्रीजर हलवला आणि इलेक्ट्रिशियनला कोणी सांगितलंच नाही. वॉचमन नवीन होता. त्याने अलार्मचा आवाज ऐकला आणि काय केलं, तर बटण दाबून बंद केला, पेशंटांना त्रास होईल म्हणून. बिचाऱ्याने चांगल्या मनानेच केलं. सकाळी मी दार उघडलं तर बर्फाचं पाणी पायावर आलं. सात वर्षांचे रक्ताच्या सिरमचे नमुने होते ओ. एकेका नळीवर माझ्या अक्षरातलं लेबल.

त्या वर्षी कोणी येऊन फॉर्म दिला असता तर आमच्या साहेबांनी ५ टाकला असता, कारण फ्रीजर नवाकोरा आणि महागाचा होता ना. मी १ टाकला असता. आणि वॉचमनला तर कोणी विचारलंच नसतं. म्हणून म्हणतो ताई, फ्रीजर आहे का असं विचारू नका. रात्री २ वाजता अलार्म झाला तर कोण येतं, आणि त्याला माहीत आहे का की आपण यायचंय, असं विचारा.

---

पुस्तकी_किडा | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

काका __/\__ अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

अवांतर: पुण्याच्या बसची, पीएमटीची पीएमपीएमएल होऊन कितीतरी वर्षं झाली, आयडी बदला :)

---

शेवटची_पीएमटी | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

आमच्यासाठी पीएमटीच.

---

गुलबक्षी | मंगळवार, रात्री ९:३५

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी स्टडी कोऑर्डिनेटर आहे, आधी स्टाफ नर्स होते. म्हणजे पेशंटला समजावून सांगायचं, कन्सेंट घ्यायचा, रक्त काढायचं, ट्यूबवर नंबर टाकायचा, लॅबला पाठवायचं, पेशंट परत आला नाही तर फोन करायचा, हे सगळं आम्ही करतो. तुमच्या त्या खाटेपासून लॅबपर्यंतच्या रस्त्यावर रोज कोण चालतं तर आम्ही.

एक गंमत सांगते, गंमत आता वाटते. पेशंटचं सातव्या दिवसाचं सॅम्पल नेमकं अनंत चतुर्दशीला आलं. आजाराला कुठे कळतंय विसर्जन आहे ते. पेशंट बिचारा पेठेतलाच, चालत आला. आमचं हॉस्पिटलही पेठेत आणि लॅब पार गावाबाहेर. यातल्या पेशी जिवंत वेगळ्या करायच्या असतात, त्यामुळे या ट्यूब बर्फात ठेवायच्या नाहीत आणि सहा-आठ तासांत पोचवायच्या. नेहमीचा मुलगा बाइकवर थर्मोकोलचा डबा घेऊन निघाला आणि दहा मिनिटांत त्याचा फोन, ताई सगळे रस्ते बंद, पोलीस सोडत नाहीत, मागे ढोल वाजतायत काही ऐकू येत नाही. शेवटी बाइक तिथेच लावून तो डबा छातीशी धरून मिरवणुकीतून आडवा गेला, अंगावर गुलाल, डब्यावर गुलाल, पलीकडे त्याच्या मित्राची गाडी. पोचलं सॅम्पल साडेपाच तासांत. लॅबमधल्या मुलीने सुट्टी असून येऊन घेतलं.

यात संस्थेचा सपोर्ट किती आणि त्या दोन पोरांचा किती, हे तुमच्या फॉर्मात कसं येणार?

अजून एक. पेशंटला येण्याजाण्याचं भाडं देतो ते आधी मी माझ्या पर्समधून देते आणि मग व्हाउचर टाकते. अकाउंट्सवाले म्हणतात बिल जोडा. रिक्षावाला बिल देतो का हो?

आणि शेवटचं. आमच्याकडेही असाच सर्व्हे झाला होता मागे. मला फॉर्म आलाच नाही. विचारलं तर म्हणे फॉर्म फक्त संस्थेच्या स्टाफला, तुम्ही प्रोजेक्टवर. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग ब्रेक, मग परत अकरा महिने. सहा वर्षं झाली.

---

अर्धा_कप_चहा | मंगळवार, रात्री १०:५०

गुलबक्षीताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लॅपटॉप उघडून माझी यादी बघितली. एचआरकडून आलेली पगारपत्रकाची यादी होती. प्रोजेक्ट स्टाफ त्यात नाहीच. एकही नाही. कोऑर्डिनेटर नाहीत, फील्डवाले नाहीत, जेआरएफ (फेलोशिपवरची पोरं) नाहीत. मी ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांचा ट्रान्सलेशनल कामाशी संबंध मीटिंगपुरता, आणि जे ते करतात त्यांना विचारलंच नाही. माझे ४ कुठून आले ते आत्ता कळलं. मामांचा पाठिंबा हा अर्धाच घोटाळा होता.

लाज वाटली. उद्या परत पहिल्यापासून.

---

वर्गमूळ | मंगळवार, रात्री ११:२०

लाज कसली, यादी कुठून आली हे बहुतेक लोक शेवटपर्यंत बघत नाहीत.

फक्त एक काळजी घ्या. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस, ज्याचं पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे, तो संस्थेविरुद्ध १ टाकणार नाही जोपर्यंत त्याला खात्री नाही की कळणार नाही. तुम्ही नाव विचारलं नाही म्हणून निनावी होत नाही. डिपार्टमेंट, पद, वय, स्त्री की पुरुष, किती वर्षं नोकरी, हे पाच रकाने भरले की तीन माणसांच्या डिपार्टमेंटमध्ये नाव लिहिल्यासारखंच आहे. पाचपेक्षा कमी उत्तरं असतील तो गट वेगळा दाखवायचाच नाही, आणि हे फॉर्मच्या वरतीच लिहा, तळटीपेत नको. फॉर्म एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) हातून तर मुळीच गोळा करू नका.

आणि तुमच्या स्वतःच्या एथिक्स कमिटीकडे जा आधी. साहेबांच्या हाताखालच्या माणसाला साहेबांच्याच सर्व्हेत नाही म्हणता येतं का, हा प्रश्न ते विचारतीलच आणि विचारायलाच हवा.

---

नाइट_ड्युटी | बुधवार, पहाटे २:१०

कोव्हिडमध्ये आमची एथिक्स कमिटी ऑनलाइन बसून आठवड्यात मंजुरी देत होती. तीच माणसं, तेच नियम. आता परत महिन्याची तारीख. हेही कुठेतरी लिहा हो ताई, मला १ ते ५ मध्ये कुठे टाकायचं ते कळत नाहीये.

---

अर्धा_कप_चहा | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, कारण सगळ्यांचं देणं आहे.

‘पाठिंबा’ आणि ‘पाठीशी’ दोन्ही शब्द काढून टाकले. ‘सपोर्ट’ सुद्धा काढला, कारण आमच्या एका मावशींना तो कमरेच्या पट्ट्याचा वाटला. आता प्रश्न असे आहेत: मागच्या चार ठरलेल्या दिवसांपैकी किती दिवस तुम्ही खरंच संशोधनाला बसलात. रात्री फ्रीजरचा अलार्म झाला तर कोणाला फोन जातो, नाव माहीत आहे का (नाव लिहायचं नाही, फक्त हो की नाही). मागच्या वेळी सॅम्पल लॅबला पोचवायला अडचण आली तेव्हा कोणाची मदत झाली, संस्थेची, सहकाऱ्याची, की स्वतःच निस्तरलं. खिशातून खर्च करावा लागला का. दुसऱ्या डिपार्टमेंटच्या माणसाला मदत केली तर तुमच्या साहेबांना आवडतं का, हा सर्वात जास्त आवडलेला प्रश्न, मामा वाचून दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, हे खरं विचारलंत.

वाटण्याआधी मामांसकट वेगवेगळ्या पदांवरच्या लोकांना परत मोठ्याने वाचायला लावलं. दोन प्रश्न तिथेच मेले. यादी आता प्रोजेक्टच्या हजेरीपटांवरून केलीये, वॉचमन आणि ड्रायव्हर धरून. फॉर्मची पेटी कॅन्टीनमध्ये, एचओडींच्या केबिनपासून लांब. एथिक्सची मंजुरी आली, त्यांनी वर्गमूळ सरांचाच प्रश्न विचारला, शब्दशः.

सर अजूनही एकच आकडा मागतायत. मी म्हटलं फॉर्ममधून एक आकडा निघणार नाही, पण रजिस्टरमधून एक देते: पेशंटच्या भाड्याचं व्हाउचर टाकल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस, मीडियन. सर जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे अहवालात कसं दिसेल? मी म्हटलं, जसं असेल तसं.

---

गुलबक्षी | शुक्रवार, रात्री १०:०५

भाड्याचं व्हाउचर!! ताई तुम्हाला पुरणपोळी लागू.

---

फाइल_पुढे_सरकवा | शुक्रवार, रात्री १०:३०

कल्पना वाईट नाही, आमच्याकडेही काढून बघतो म्हणतो. दिवस म्हणजे वर्किंग डे ना?

---

अर्धा_कप_चहा | शुक्रवार, रात्री १०:३४

नाही हो, कॅलेंडरचे. गुलबक्षीताईंची पर्स रविवारीही रिकामीच असते.

---

फाइल_पुढे_सरकवा | शुक्रवार, रात्री १०:४१

निदान दिवाळीचे चार दिवस तरी वजा करा की ताई.